पाकीट न फोडता

रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा हे आपल्या राज्यातील एक मोठे बंदर आहे. पंडित जवाहरलाल नेहरू यांचे नाव त्यास दिलेले आहे. २७ जून २०१७ रोजी या बंदराच्या एका धक्क्यावरील काम एकाएकी बंद पडले. समुद्र खवळलेला नव्हता, वादळ आलेले नव्हते आणि कामगारांनी संपही पुकारलेला नव्हता. माल उचलणाऱ्या यारी धडधाकट होत्या. परंतु कोणती पेटी कोणत्या जहाजावर चढवावयाची आणि कोणती कोठे उतरवावयाची, हे सांगणारे संगणक मात्र मुके झाले होते. जे काम यंत्रे क्षणात करीत, ते माणसांना हाताने करावे लागले. साहजिकच मालाच्या पेट्या अडून राहिल्या.

हा धक्का डेन्मार्कमधील मेर्स्क या कंपनीच्या समूहाकडून चालविला जात होता. संकटाचा उगम तर त्याहूनही वेगळ्या ठिकाणी, युक्रेन या देशात झाला होता. तेथे हिशेब ठेवण्याची एक आज्ञावली अनेक कंपन्या वापरीत असत. त्या आज्ञावलीची सुधारित प्रत म्हणून जी प्रत संगणकांत शिरली, तिच्यात दुष्ट हेतूने एक उपद्रवी आज्ञावली दडविलेली होती. पुढे तिला ‘नॉटपेट्या’ असे नाव पडले. ती पडद्यावर खंडणी मागे. परंतु खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोय तिच्यात नव्हती. जाळ्याने जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत ती देशोदेशी पोहोचली. मेर्स्क कंपनीस सुमारे दहा दिवसांत ४,००० मोठे संगणक आणि ४५,००० लहान संगणक नव्याने सज्ज करावे लागले. या कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ज्या संगणकांत साठविलेला होता, ते जवळजवळ सर्व नष्ट झाले. आफ्रिकेतील घाना देशात मात्र त्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे तेथील एक संगणक जाळ्यापासून तुटलेला होता, तेवढाच वाचला. त्याच्याच आधारे पुढील उभारणी करता आली.

अशा उपद्रवी आज्ञावलीस ‘मालवेअर’ असे म्हणतात. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांची मालिका. चांगली आज्ञावली हिशेब करते, पत्र लिहून देते, चित्र दाखविते. उपद्रवी आज्ञावलीही संगणकास सूचनाच देते. परंतु त्या माहिती चोरण्याच्या, नासविण्याच्या किंवा अडवून ठेवण्याच्या असतात. त्यांतील काही आज्ञावल्या स्वतःच्या प्रती काढून दुसऱ्या संगणकांत शिरतात. रोगाची साथ जशी माणसामाणसांतून पसरते, तशी ही साथ यंत्रायंत्रांतून पसरते.

ही साथ ओळखावयाची कशी? तिच्या दोन रीती आहेत. पहिली रीत रूपावरून ओळखण्याची. पोलीस ठाण्यात नामांकित चोरांची चित्रे लावलेली असतात आणि संशयित मनुष्य दिसला की त्याचा चेहरा चित्रांशी ताडून पाहतात. तसाच हा प्रकार आहे. संगणकाचे रक्षण करणारी आज्ञावली आपल्यापाशी ज्ञात उपद्रवांच्या खुणांची यादी बाळगते आणि प्रत्येक नव्या धारिकेची त्या यादीशी तुलना करते. आपल्या राज्यातही हे काम फार पूर्वी सुरू झाले. गणनयंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात पुण्यामध्ये ‘क्विक हील’ ही संगणकरक्षक आज्ञावली तयार केली.

या रीतीत एक उणीव आहे. जो चोर पूर्वी कधीच पकडला गेला नाही, त्याचे चित्र ठाण्यात कोठून असणार? शिवाय काही उपद्रवी आज्ञावल्या बहुरूपी असतात. प्रत्येक संगणकात शिरताना त्या आपले रूप थोडे पालटतात. म्हणून दुसरी रीत शोधण्यात आली. ती म्हणजे रूप न पाहता चाल पाहणे, अर्थात उपद्रव कसा पसरतो यावरून तो ओळखणे.

ही रीत समजण्यासाठी तुळजापूरच्या टपाल कचेरीची कल्पना करावी. समजा, तेथील टपालवाला अत्यंत प्रामाणिक आहे. तो कोणाचेही पाकीट फोडीत नाही. गावातील एका घरून आठवड्यास दोन-तीन पत्रे जातात, हे त्यास अनुभवाने ठाऊक आहे. एके सकाळी त्याच घरून पाचशे पत्रे पेटीत पडतात आणि तीही अनोळखी पत्त्यांवर. दुसऱ्या दिवशी, ज्या घरांस ती पत्रे पोहोचली, त्या प्रत्येक घरातून पुन्हा पाचशे पत्रे निघतात. पत्रांत काय लिहिले आहे हे टपालवाल्यास मुळीच माहीत नाही. तथापि काहीतरी विपरीत घडत आहे, हे तो निश्चित सांगू शकतो.

संगणकांच्या जाळ्यावरील पहारेकरीही अशाच तीन खुणा पाहतात. पहिली खूण ही, की जो संगणक एरवी चार-पाच संगणकांशी बोलतो, तो अचानक शेकडो संगणकांची दारे ठोठावू लागतो. दुसरी खूण साखळीची. एका संगणकाकडून काही येताच दुसरा त्याच्याचप्रमाणे वागू लागतो, मग तिसरा, मग चौथा. अशी वागणुकीची साखळी निर्माण होते. तिसरी खूण ओस घराची. जाळ्यावर असे पुष्कळ पत्ते असतात की त्यांवर एकही संगणक नसतो. गावातील पडक्या, निर्मनुष्य वाड्याची कडी वाजविण्यास सज्जन माणूस सहसा जात नाही. जो प्रत्येक दार चाचपडत हिंडतो, तोच तेथेही पोहोचतो. म्हणून शास्त्रज्ञ अशा रिकाम्या पत्त्यांवर लक्ष ठेवतात. १९ जुलै २००१ रोजी ‘कोड रेड’ नावाचा उपद्रव जगभर पसरला, तेव्हा अमेरिकेतील संशोधकांनी याच युक्तीने मोजदाद केली. चौदा तासांपेक्षाही कमी वेळात ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले गेल्याचे त्यांना आढळले.

येथे वेळेस फार महत्त्व आहे. ग्रासलेल्या संगणकांची संख्या प्रत्येक टप्प्यास दुप्पट होते असे धरा. आरंभी १ संगणक, मग २, ४, ८, १६ असे करीत पाचव्या दुपटीस ३२ आणि दहाव्या दुपटीस १,०२४ संगणक होतात. पाचव्या टप्प्यावर साथ ओळखली तर ३२ संगणक जाळ्यापासून तोडून काम भागते; दहाव्या टप्प्यावर ओळखली तर हजारांवर संगणक हातचे जातात. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या ‘स्लॅमर’ या उपद्रवास आरंभी दुप्पट होण्यास केवळ साडेआठ सेकंद लागत होते. मनुष्य एवढ्या वेळात धड विचारही करू शकत नाही. त्यामुळे पहारा यंत्रांवरच सोपवावा लागतो.

साथीचा माग तिच्या पसरण्यावरून काढावा, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रोग्यांना तपासून डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ही ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आहे, असे निदान केले. पुढे ही साथ राज्यभर पसरली. प्लेगचा जंतू डोळ्यांना दिसत नसे. परंतु घरात उंदीर मरून पडू लागले की साथ आली, हे खेडोपाडीच्या लोकांनी अनुभवाने जाणले होते. मग ते गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. जंतूचे रूप ठाऊक नसतानाही त्याच्या वाटचालीची खूण त्यांना उमगली होती आणि त्या ज्ञानाने कितीतरी जीव वाचले.

याच साथीच्या काळात पुण्यामध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. तिच्यापासूनही बोध घेण्यासारखा आहे. १८९७ साली सरकारने रोगी शोधून काढण्यासाठी एक समिती नेमली. वॉल्टर चार्ल्स रँड हा तिचा अध्यक्ष होता. समितीने घरोघरची झडती घेण्याचे काम गोऱ्या सैनिकांवर सोपविले. सैनिक माजघरात आणि देवघरातही शिरत. स्त्रियांचा संकोच किंवा घरच्यांच्या भावना यांची पर्वा केली जात नसे. हेतू साथ आवरण्याचा होता, पण रीत अपमानाची होती. परिणाम असा झाला, की लोक आपले रोगी लपवू लागले. जे उघड व्हावयाचे, तेच झाकले गेले. शहरात संताप पेटला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनीही प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. त्या रोग्यांजवळ मायेने गेल्या. सेवा करतानाच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोग एकच, परंतु दाराशी येणारा मनुष्य कोणत्या वृत्तीने येतो, यावर दार उघडणे किंवा मिटणे अवलंबून असते.

संगणकांच्या साथीतही हाच प्रश्न उभा राहतो. पसरण्याची चाल पाहावयाची, तर कोणता संगणक कोणाशी केव्हा बोलला याची नोंद कोणीतरी ठेवलीच पाहिजे. पाकीट फोडले नाही, तरी पाकिटावरचा पत्ता वाचावा लागतो. आणि पत्तादेखील पुष्कळ काही सांगून जातो. उमरग्यातील एखाद्या गृहस्थाच्या घरून एका विशिष्ट रोगाच्या दवाखान्यास आठवड्यातून तीनदा पत्र जाते असे कळले, तर पत्र न वाचताही त्याच्या घरातील आजारपण ओळखता येते. कोणी वकिलाकडे, कोणी सावकाराकडे, कोणी वर्तमानपत्राच्या संपादकाकडे लिहितो. पत्त्यांची वही ज्याच्या हाती पडेल, त्यास साऱ्या गावाची गुपिते कळतील.

दुसरी अडचण धारिकांची. पुष्कळ रक्षक आज्ञावल्या प्रत्येक धारिकेचा ठसा काढून तो आपल्या कंपनीकडे पाठवितात. हा ठसा म्हणजे ठरावीक लांबीची अक्षरे व अंक यांची एक मालिका असते. जसे बोटाच्या ठशावरून मनुष्याचे चित्र काढता येत नाही, तसे या ठशावरून मूळ मजकूर परत तयार करता येत नाही. ठसे मोजून कंपनीस कळते की अमुक धारिका लक्षावधी संगणकांवर वर्षानुवर्षे शांतपणे नांदत आहे, तर तमुक धारिका कालच प्रकटली आणि आज हजारो संगणकांवर दिसत आहे. दुसऱ्या धारिकेवर संशय घेणे योग्यच होय.

पण समजा, कळंबच्या एका विद्यार्थिनीने संगणकावर एक निबंध लिहिला. तो निबंध जगात फक्त तिच्याच संगणकावर आहे. बहुरूपी उपद्रवाची प्रत्येक प्रतही अशीच एकुलती एक असते. मोजणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच दुर्मिळ. मग रक्षक आज्ञावली म्हणते, “ही धारिका मला ओळखीची नाही, तपासण्यासाठी पाठवा.” येथे सावध राहावयास हवे. आज्ञावली चालविणारी धारिका पाठविणे निराळे आणि मनुष्याने लिहिलेले पत्र, दैनंदिनी किंवा छायाचित्र पाठविणे निराळे. शिवाय ठसाही सर्वस्वी मुका नसतो. एखादे पुस्तक ज्याच्यापाशी आहे, तो त्या पुस्तकाचा ठसा काढून दुसऱ्या कोणाकडे तेच पुस्तक आहे का, हे ताडून पाहू शकतो.

मग पहारा बसवूच नये काय? तसे केल्यास नॉटपेट्यासारखा उपद्रव बंदरे, बँका आणि रुग्णालये यांत मोकाट फिरेल. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉन्नाक्राय’ या उपद्रवाने इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले आणि रोग्यांना परत पाठवावे लागले. तेव्हा पहारा हवा, पण तो बेताचा हवा. जाणकारांनी यासाठी काही मार्ग सुचविले आहेत.

पहिला मार्ग हा, की जेवढे पाहणे आवश्यक, तेवढेच पाहावे. संगणक किती दारे ठोठावतो याची संख्या पुरेशी असेल, तर दारांवरील नावे टिपू नयेत. दुसरा मार्ग, नोंद शक्यतो जेथल्या तेथे ठेवावी. शाळेच्या जाळ्यातील चाल शाळेच्या यंत्रानेच पाहावी आणि बाहेर केवळ “येथे साथीची चिन्हे आहेत” एवढाच निरोप जावा. तिसरा मार्ग, अनेकांची माहिती एकत्र मिसळून फक्त बेरीज पुढे पाठवावी, म्हणजे व्यक्ती ओळखू येणार नाही. चौथा मार्ग, काम होताच जुन्या नोंदी पुसून टाकाव्यात. पाचवा मार्ग, जे पाहिले जाते ते लोकांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि त्यांची संमती घ्यावी.

या प्रत्येक मार्गास किंमत आहे, हेही विसरून चालणार नाही. नावे टिपली नाहीत, तर साथ प्रथम कोठून आली हे शोधणे कठीण जाते. नोंदी लवकर पुसल्या, तर सावकाश, दबकत पसरणारा उपद्रव निसटतो. केवळ बेरीज पाहिली, तर एका लहानशा कचेरीतील संकट मोठ्या संख्येत बुडून जाते. उलट नोंदी पुष्कळ आणि दीर्घकाळ साठविल्या, तर त्या साठ्यावरच चोरांची दृष्टी वळते. तराजूच्या एका पारड्यात सुरक्षितता आणि दुसऱ्यात खासगीपणा. एकही पारडे रिकामे ठेवता येत नाही.

आपल्या देशाने हा तराजू कसा धरला आहे? ज्या वर्षी न्हावा-शेवा येथील काम थांबले, त्याच वर्षी, म्हणजे २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. या अधिकारास मर्यादाच नाही, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. त्यावर बंधन घालावयाचे असल्यास त्यास कायद्याचा आधार असावा, हेतू योग्य असावा आणि बंधन त्या हेतूच्या मानाने अधिक नसावे, या कसोट्या त्या निर्णयात सांगितल्या आहेत. संगणकांवरील संकटांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्र सरकारची संस्था २००४ सालापासून कार्य करीत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी असा आदेश काढला, की संगणकांवरील हल्ल्याची वार्ता सहा तासांच्या आत कळवावी आणि जाळ्याच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. एका बाजूस नोंदी ठेवण्याचा आदेश आणि दुसऱ्या बाजूस माहिती जपण्याचा कायदा, असे हे दोन्ही हातांनी तराजू धरणे आहे.

सामान्य माणसाचेही येथे काही कर्तव्य आहे. नॉटपेट्या आणि वॉन्नाक्राय या दोघांनी संगणकातील एकाच चोरवाटेचा उपयोग केला होता. ती वाट बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट या कंपनीने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन्ही संकटांच्या आधी, दिली होती. नॉटपेट्यास पसरण्याच्या इतरही युक्त्या अवगत होत्या हे खरे. तरीही ज्यांनी वेळेवर दुरुस्ती केली, त्यांनी निदान एक दार लावून घेतले. दुरुस्ती वेळेवर करणे, अनोळखी धारिका न उघडणे आणि महत्त्वाच्या माहितीची एक प्रत जाळ्यापासून वेगळी ठेवणे, ही कामे कोणाच्याही खासगीपणास धक्का न लावता करता येतात. जेवढी ही काळजी अधिक, तेवढी दुसऱ्याच्या पहाऱ्याची गरज कमी.

धाराशिव जिल्ह्यात, ज्यास पूर्वी उस्मानाबाद जिल्हा म्हणत, बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला आहे. त्यातील उपळी बुरूज सर्वांत उंच आहे. त्यावर उभे राहिले की दूरवरचा मुलूख नजरेत येतो. असे बुरूज बांधले जात ते वाटेवर उठणारी धूळ वेळीच दिसावी म्हणून. गावातील घरांच्या खिडक्यांत डोकावण्यासाठी नव्हे. संगणकांच्या जाळ्यावर आज जे पहारे बसविले जात आहेत, त्यांच्याकडूनही लोकांची हीच अपेक्षा आहे. पहारेकऱ्याने धूळ अवश्य पाहावी, इशारा तत्परतेने द्यावा आणि घरांच्या खिडक्यांकडे पाठ करून उभे राहावे.

अभ्यास

१. न्हावा-शेवा बंदरातील एका धक्क्याचे काम कशामुळे थांबले? घाना देशातील संगणक का वाचला?

२. रूपावरून ओळखणे आणि चालीवरून ओळखणे या दोन रीतींतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

३. कारणे द्या : (अ) रिकाम्या पत्त्यांवर शास्त्रज्ञ लक्ष ठेवतात. (आ) पुण्यातील लोक प्लेगचे रोगी लपवू लागले.

४. ‘पत्तादेखील पुष्कळ काही सांगून जातो’ या विधानाचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

५. तुमच्या शाळेच्या संगणकांवर पहारा बसवावयाचा आहे. काय पाहावे, काय पाहू नये आणि नोंदी किती दिवस ठेवाव्यात, याविषयी वर्गात चर्चा करा व ठरलेले नियम वहीत लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यात उपयोग करा : माग काढणे, हातचे जाणे, पर्वा न करणे, दखल घेणे.